दोनशे चौदाची घागर

‘दोनशे चौदा’ हा आकडा कानावर पडला तेव्हा हिलाल आभाराच्या कागदावर ‘ज्यांनी खुर्च्या पुरवल्या’ या ओळीपर्यंत आला होता. पेन्सिल तिथेच थांबली. धुळ्याच्या एका शाळेच्या सभागृहात वैशाखातली दुपार तापलेली होती, खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावून त्यांच्यावर पाणी मारलं होतं, आणि व्यासपीठामागच्या कापडावर निळ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘गुन्हेगाराचे मन आणि त्याची सुधारणा’. पूर्व आणि पश्चिम खानदेशातले मॅजिस्ट्रेट, वकील, पेन्शनीतले फौजदार, महिला मंडळाच्या चार बायका आणि मुंबईहून लाकडी ठोकळ्यांची पेटी घेऊन आलेले एक प्रोफेसर असा सगळा सरंजाम जमला होता. या प्रोफेसरांनी सकाळी माणसाचा गुन्हेगारपणा ठोकळ्यांवरून कसा मोजतात ते दाखवलं होतं. एका फौजदारांना तो खेळ जमला नाही तेव्हा सभेला फार मजा आली होती. हिलाल पाटील जळगावचा प्रोबेशन ऑफिसर. नोकरीला चार महिने झालेले, वयाने सगळ्यांत लहान, म्हणून आभार त्याच्या गळ्यात पडले होते. तिसरे वक्ते रावसाहेब पितांबर देवराम, निवृत्त जेलर. ते कागद डोळ्यांजवळ धरून वाचत होते, आवाज बारीक पण खणखणीत.

‘कैदी क्रमांक दोनशे चौदा. वय सुमारे पस्तीस. धंदा शेती, राहणार धरणगावकडील एक खेडे. गुन्हा मनुष्यवध, शिक्षा दहा वर्षे. स्वभाव हट्टी व अबोल. सन एकोणीसशे बावीस, वैशाख महिना. सदर कैद्याने एके सकाळी कोठडीतले पाण्याचे मडके काठोकाठ भरून त्यावर अर्धी भाकरी व कांदा ठेवला आणि तो त्यापुढे मांडी घालून बसला. दिवसभर त्यातले पाणी स्वतः प्याला नाही, दुसऱ्यास पिऊ दिले नाही. विचारले असता उत्तर नाही. मडके उचलू गेलेल्या वॉर्डरचा त्याने हात धरला. मडके कोणाच्या तरी डोक्यात घालण्यासाठी राखले होते, असा माझा निष्कर्ष झाला व तसा शेरा मी त्याच्या तिकिटावर, म्हणजे नोंदपत्रकावर, मारला.’ तुरुंगाचं नाव त्यांनी घेतलं नाही, सभ्यपणाने गाळलं. ‘मग उपाय काय केलात?’ अध्यक्ष जज्जसाहेबांनी विचारलं. ‘उभी हातबेडी. भिंतीतल्या कडीला हात वर बांधून, तीन दिवस.’ ‘गुण आला?’ ‘पाचव्या दिवशी तापाने मेला,’ रावसाहेब म्हणाले आणि त्यांनी समोरचा पाण्याचा पेला उचलून, तोंडाला न लावताच परत ठेवला. प्रोफेसरांनी वहीत काहीतरी टिपलं आणि ‘नमुनेदार’ असा शब्द उच्चारला. काल आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होती. या सभागृहातल्या निम्म्याहून अधिक घरांत काल सकाळी नवी घागर भरली गेली होती, तिच्यावर लोटा, आंबा, सांजोऱ्या ठेवून मेलेल्या बापआज्यांना पाणी दाखवलं गेलं होतं. महिला मंडळाच्या बायकांच्या हातांवर मेंदी अजून लालबुंद होती. त्यांच्यातल्या एकीने मान खाली घातली. एक वकील आपली नखं निरखू लागले. म्हणजे कळलं होतं काही जणांना. पण परिषदेत बसलेला माणूस घरात बसलेल्या माणसाला ओळख दाखवत नाही, हे हिलालने सकाळपासून पाहिलं होतं.

तोताराम, त्याचा बाप, दोनशे चौदा. हा आकडा त्याच्या घरात बापाच्या नावाइतकाच राहत होता, तुरुंगातून आलेल्या एकुलत्या एका कागदावर तो लिहिलेला होता आणि तो कागद आई देवाच्या फळीवर हळदकुंकवाच्या डब्याखाली ठेवायची. त्याच्या बापाने वनाला मारलं होतं. वना शेजारच्या शेताचा. विहीर दोघांच्यात एक, मोट दोघांत एक, पाळी ठरलेली. एका उन्हाळ्यात वनाने पाळी मोडली, बापाने शिव्या दिल्या, वना हसला, आणि बापाने हातातला दांडा एकदाच फिरवला. तो कानशिलावर बसला. वना तिसऱ्या दिवशी गेला. त्याची बायको आधीच वारलेली, मूल नाही, भाऊबंद नाही, त्याच्या मढ्याला पाणी पाजायला गावातल्या परक्या माणसांना पुढे व्हावं लागलं. हिलालला आठवायची ती मुलाखत, तो नऊ वर्षांचा असतानाची, लोखंडी गजांच्या दोन रांगा आणि मधल्या बोळात उभा असलेला शिपाई. बाप रडला नाही, मुलाच्या अभ्यासाचं विचारलं नाही. आईला एवढंच म्हणाला, ‘वनाले कोनी नही. तेनी घागर कोन भरी? तू घर भरजो. मी आठे भरसू.’ आठे म्हणजे तिथे, तुरुंगात. शिपायाने वेळ संपल्याचं सांगितलं. परत येताना आगगाडीत हिलालला बापाचा भयंकर राग आला होता, की एवढ्या लांब आलो आणि हा त्या मेलेल्याचंच बोलत बसला.

त्यानंतर दोन महिन्यांनी बाप गेल्याचा तो कागद आला, आणि वर्षभराने सुटून आलेला एक माणूस घर शोधत आला. त्याने ओट्यावर बसून, विडी न पेटवता हातात फिरवत सांगितलं होतं, ‘मडकापायी तेले उभा बांधा. तीन दिन हात वर. पानी मांगे, पन त्या मडकामायलं नको म्हने.’ साहेबाचं नाव त्याला ठाऊक नव्हतं. कैद्यांना साहेब हा साहेबच. तेव्हापासून झुंबरबाई, त्याची आई, दर आखाजीला दोन घागरी भरते. एक मोठी, नवऱ्याची. एक बारकी, वनाची. पुढे गाव सुटलं, ती जळगावच्या जिनात सरकी वेचू लागली, पिंप्राळ्यात एका खोलीत बिऱ्हाड आलं, पण घागरी दोनच राहिल्या. चौदा वर्षांचा असताना हिलालने ती बारकी घागर लाथेने उलथून टाकली होती. ज्याच्यापायी आपला बाप गेला त्याला आपल्याच घरात पाणी? आईने मारलं नाही. फुटकी खापरं गोळा केली, कुंभाराकडे जाऊन दुसरी आणली, भरली आणि म्हणाली, ‘तेले पानी आपुनच देवाले पाहिजे.’ मग त्याने वनाचा नाद सोडला आणि सगळा राग त्या बिननावाच्या साहेबावर नेऊन ठेवला. किती तऱ्हांनी त्याने मनातल्या मनात त्या साहेबाला मारलं होतं, त्याची गणती नाही. मॅट्रिकचा अभ्यास करताना, कोर्टात नकला उतरवताना, प्रोबेशनच्या नोकरीच्या मुलाखतीत ‘या क्षेत्रात का येता?’ असं विचारलं तेव्हा ‘समाजसेवेची आवड’ असं उत्तर देताना. त्याच्या कल्पनेतल्या साहेबाला जाड मिशा होत्या, पायांत बूट, हातात वेताची छडी. व्यासपीठावर बसलेल्या या माणसाच्या मनगटांवरची कातडी लोंबत होती आणि उपरण्याचं टोक तो सारखं खांद्यावर सावरत होता. हिलालला हे आवडलं नाही. अठरा वर्षं सांभाळलेला शत्रू असा वाळून गेलेला मिळावा, ही त्याला फसवणूक वाटली.

चहाची सुट्टी झाली. व्हरांड्यात कपबशा वाजत होत्या, आणि हिलाल कडुनिंबाच्या सावलीत, सगळ्यांपासून दूर जाऊन उभा राहिला. आभाराच्या कागदाची घडी त्याच्या मुठीत ओली झाली होती. काय बोलायचं ते त्याच्या मनात एव्हाना पक्कं झालं होतं. सगळ्यांचे आभार मानायचे, अगदी खुर्च्या पुरवणाऱ्याचेही, आणि मग शेवटी सांगायचं. ते मडकं हत्यार नव्हतं. ती घागर होती. ज्याला मारलं त्याच्यासाठी मारणाऱ्याने भरलेली घागर. तुमच्या सगळ्या परिषदेत ज्याला पश्चात्ताप म्हणतात, जो ठोकळ्यांनी मोजायला तुम्ही मुंबईहून माणूस आणलात, तो एका कोठडीत मांडी घालून बसला होता आणि या माणसाने त्याचे हात कडीला बांधले. हे सांगितल्यावर या म्हाताऱ्याचं तोंड कसं होईल ते त्याला बघायचं होतं. एवढंच. त्याला न्याय नको होता. तेवढं तोंड पाहायला मिळालं की अठरा वर्षांचं फिटलं, असं त्याला वाटत होतं.

‘तुम्हीच ना जळगावचे पाटील?’ मागून आवाज आला. रावसाहेब काठी टेकत एकटेच आले होते. हिलालने नमस्कार केला, हात आपोआप जोडले गेले याचा त्याला राग आला.

‘मूळ गाव कोणतं?’

‘धरणगावकडचं.’

रावसाहेब काठीवर रेलून जवळ सरकले. मग इकडेतिकडे पाहून म्हणाले, ‘त्या बाजूचा माणूस भेटला की मी एक विचारतो. हसू नका. मी आताच वाचलं ते खरं नाही. म्हणजे, सरकारी कागदापुरतं खरं. मी काही साहेबाच्या पोटी आलेलो नाही, एरंडोलजवळचा आहे. आमच्याही घरी घागर भरतात. त्याच्यापुढे उभा राहिलो आणि बघताक्षणी कळलं की ही घागर आहे.’

‘मग?’ हिलालने विचारलं.

‘मग विचारलं, कुणाची? तो बोलेना. मायबाप म्हण, आजा म्हण, सोडून दिलं असतं. तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. आणि माझ्या मनात आलं, ही माझी आहे. आमच्याकडे जित्या माणसाच्या नावाने घागर भरणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. त्याच्या आदल्याच आठवड्यात मी त्याची पुढची मुलाखत नाकारली होती. म्हटलं, याने मला मेलेल्यांत बसवलं. आता हे तिकिटावर कसं लिहायचं? वरचा साहेब गोरा. त्याने मलाच वेड्यात काढलं असतं. म्हणून लिहिलं, डोक्यात घालण्यासाठी.’ त्यांनी कपाळावरचा घाम उपरण्याने टिपला. ‘दुसऱ्या वर्षी आखाजीला माझा थोरला गेला. विहिरीत. तिसऱ्या वर्षी बायको. तेव्हापासून दर आखाजीला, दुसऱ्या दिवसापर्यंत, मला पाणी उतरत नाही. मघाशी पाहिलंत ना तुम्ही. डॉक्टर म्हणतात, घशाला काही झालेलं नाही.’ मग शहरी बोलणं गळून पडलं आणि ते हळूच म्हणाले, ‘ती घागर कोना नावनी व्हती, माले आजलगून समजनं नही. कोन्ही सांगं तं सुटसू मी.’

वनाची, एवढंच म्हणायचं होतं. हिलालच्या जिभेवर तो शब्द आलाही होता. एका शब्दात बाप निर्दोष होत होता, आणि त्याच शब्दात हा म्हाताराही सुटत होता, घरी जाऊन पोटभर पाणी पिणार होता, आणि कदाचित आखाजीला सांजोऱ्या खाऊन दुपारी झोपही काढणार होता. दोन्ही एकदमच होणार, एक केलं की दुसरं होणारच. असं कसं, हिलालला वाटलं. अठरा वर्षं जपलेलं हे काय म्हणून असं वाटून द्यायचं? याला कळलं होतं की ही घागर आहे. कळूनसवरून त्याने हात बांधले. न कळता बांधले असते तर एक वेळ वेगळं. त्याला बापाचे वर बांधलेले हात दिसले, पाणी मागणारं तोंड दिसलं, आणि समोर तीच काठोकाठ भरलेली घागर, जिच्यातलं तो नको म्हणत होता. घंटा वाजली. ‘बघतो, चौकशी करतो,’ असं काहीतरी तो पुटपुटला आणि म्हाताऱ्याला काठीसकट मागे टाकून आत गेला.

आभार त्याने नीट मानले. अध्यक्षांचे, प्रोफेसरांचे, महिला मंडळाचे, वाळ्याच्या पडद्यांवर पाणी मारणाऱ्या गड्याचेसुद्धा, तेव्हा लोक कौतुकाने हसले. मग तो थांबला. ‘शेवटी रावसाहेबांचे. दोनशे चौदा नंबरचा कैदी त्यांनी अठरा वर्षं लक्षात ठेवला. मीही ठेवला. तो माझा बाप.’ पंख्याची दोरी ओढणाऱ्याचा हात थांबला असावा, कारण वारा बंद झाला. हिलालला वाटलं होतं की आता काहीतरी होईल, कोणीतरी उठेल, निदान अध्यक्ष टेबलावर हात आपटतील. अध्यक्षांचे डोळे पाणावले होते. ते म्हणाले, ‘अशा बापाच्या पोटचा मुलगा आज सरकारी अधिकारी म्हणून आपल्यापुढे उभा आहे. सुधारणा सुधारणा म्हणतात ती याहून वेगळी काय?’ आणि त्यांनी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवली. हिलालला अंगावर कोणी कढत पाणी ओतल्यासारखं झालं. टाळ्यांत एक माणूस मात्र बसून नव्हता. रावसाहेब उठून उभे होते, दोन्ही हातांनी काठी धरून, आणि टाळ्या विरल्यावर त्यांनी भर सभेत, आपल्या गावच्या बोलीत विचारलं, ‘मंग सांग ना भाऊ. कोना नावनी व्हती?’

सभेला प्रश्न कळला नाही. ज्यांना कळला त्यांनी हिलालकडे माना वळवल्या. हिलालने त्या तोंडाकडे पाहिलं. तेच तोंड त्याला हवं होतं, आता ते पुढ्यात होतं, आणि त्यात भीती नव्हती, आशा होती. हे त्याला सहन झालं नाही.

‘तुमना नावनी,’ तो म्हणाला.

रावसाहेब खाली बसले नाहीत. त्यांना दोघांनी धरून बसवलं. कोणीतरी पेला पुढे केला, त्यांनी तो हातानेच बाजूला सारला आणि मान हलवत राहिले, जणू हिशेब जुळला होता. प्रोफेसरांनी शेजारच्याला विचारून अर्थ समजून घेतला आणि ते उत्साहाने हिलालकडे आले. ‘म्हणजे रोख अधिकाऱ्यावरच होता. आक्रमक हेतू होताच. मुलाच्या साक्षीने निष्कर्ष पक्का झाला. हे आम्ही अहवालात छापू, तुमची हरकत नसेल तर.’ हिलाल नाही म्हणाला नाही. काय म्हणून नाही म्हणणार? साक्ष त्यानेच दिली होती. आता ते छापलं जाणार होतं, मुंबईच्या ग्रंथालयात जाणार होतं, आणि जोवर कागद टिकेल तोवर तोताराम नावाचा माणूस पाण्याचं मडकं भरून एका जित्या माणसाचं मरण मागत बसणार होता. सूड पुरा झाला होता, मनासारखा झाला होता. हिलालने खुर्च्या आवरायला मदत केली, धर्मशाळेत जाऊन अंग टाकलं, आणि त्याला गाढ झोप लागली, याचंच त्याला सकाळी उठल्यावर नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी मोटार पारोळा, एरंडोल करत जळगावला आली तेव्हा दुपार कलली होती. पिंप्राळ्यापर्यंत तो चालत गेला. रस्ताभर धुळीने घसा कोरडा पडला होता. वाटेत त्याने दोनदा ठरवलं, प्रोफेसरांना पत्र घालायचं, खरं काय ते कळवायचं. आणि दोनदा रावसाहेबांचं हलणारं डोकं आठवून त्याला बरं वाटलं, आणि पत्राचं राहून गेलं. झुंबरबाई दारातच बसली होती. कोपऱ्यात दोन्ही घागरी ओल्या फडक्यांत गुंडाळलेल्या होत्या. आखाजी झाली की तेच उन्हाळ्याचं प्यायचं पाणी.

‘तठे तुना बापनं नाव निंघनं का?’ तिने विचारलं. तो जाण्यापूर्वी तिने एवढंच विचारलं होतं, की जेलवाले येणार आहेत का.

‘निंघनं.’

‘आन् घागरनं?’

‘तेबी निंघनं.’

ती उठली. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू. ‘कोना नावनी व्हती ते सांग्यं का तू तेस्ले?’

हिलालने वहाणा काढल्या, एकाशेजारी एक नीट लावल्या. ‘सांग्यं,’ तो म्हणाला.

झुंबरबाईने डोळे पुसले नाहीत, कारण डोळ्यांत पाणी आलं आहे हे तिला कळलं नसावं. ती नुसती हसत राहिली. ‘बेस झायं. सगळा लोकस्म्होरे सांग्यं. आते तेना जीव मोकया व्हयना,’ ती म्हणाली आणि कोपऱ्यात वाकून तिने तांब्या बुडवला. पितळी पेला भरून त्याच्या हातात दिला. तो इतका तहानलेला होता की उभ्यानेच त्याने पेला तोंडाला लावला आणि मोठा घोट घेतला.

‘वनानी घागरनं शे,’ आई म्हणाली. ‘ती बारकी शे ना, तिनं पानी जास्त थंड ऱ्हास.’

घोट तोंडातच राहिला. तो गिळावा की बाहेर जाऊन थुंकावा, हे हिलालला कळेना. आई समोर उभी होती, रिकाम्या पेल्यासाठी हात पुढे करून. त्याने तो गिळला.